तोंडची वाफ

आधीच सांगून ठेवतो, यावर तुमच्यातला एकही माणूस विश्वास ठेवणार नाही. ठेवूही नका. ही गोष्ट मी पहिल्यांदा सांगितली तेव्हा एकाच्या घशात चहा अडकला, एक जण चपला न घालताच उठून गेला, आणि एक अजून हसतोय म्हणतात. त्याच्या घरच्यांनी माझ्याशी बोलणं टाकलंय. तेव्हा कप खाली ठेवा आणि ऐका.

गोष्ट ज्वाळाबाईची. हे काही तिच्या आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. स्वभावाने बाई म्हणजे बर्फाची लादी. तिने आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता, आणि ती हसली की लोक एकमेकांकडे बघून खात्री करून घेत. पण दिवसभर ज्योतीसमोर बसायची, म्हणून ज्वाळाबाई. शेगड्या, गिझर, खोली गरम करायचे हीटर, जे जे गॅसवर जळतं ते बाजारात जाण्याआधी तिच्या प्रयोगशाळेत यायचं. तिने होकार दिला की माल दुकानात. नकार दिला की माल आल्या पावली कारखान्यात परत, आणि त्यानंतर तिला कुणी दिवाळं निघाल्याच्या कितीही कहाण्या ऐकवल्या तरी तिच्या भुवईचा केस हलायचा नाही.

तिची खोली कॉरिडॉरच्या पार टोकाला. खिडक्या बंद, पंखा बंद, कारण वाऱ्याने ज्योत हलते. लांबलचक टेबल जमिनीला बोल्टांनी आवळलेलं. टेबलाच्या एका टोकाला बर्नर, त्यावर ज्योत, वर धूर ओढणारं धुराडं. दुसऱ्या टोकाला लोखंडी ट्रंकेएवढं यंत्र, आणि त्याला एक इवलीशी खिडकी. ती खिडकी काचेची नाही, एका जातीच्या मिठाच्या स्फटिकाची. साध्या काचेतून ते यंत्र आंधळं असतं.

आता यंत्र बघतं काय, ते ऐका. ज्योत आपल्याला दिसते निळी-पिवळी. पण तिचा खरा संसार डोळ्यांना दिसतच नाही. जळून जे वायू निघतात ते तापलेले असतात, आणि तापलेला प्रत्येक वायू आपल्या ठरलेल्या जागी अवरक्त प्रकाश फेकतो. यंत्र तो प्रकाश पिंजून पसरवतं आणि पडद्यावर डोंगररांग काढतं. या जागी उंच शिखर म्हणजे पाण्याची वाफ. त्या जागी त्याहून उंच, म्हणजे कार्बन डायऑक्साइड. आणि त्याच्या शेजारी, जळण अर्धवट झालं असेल तर, कंगव्याच्या दातांसारखी बारीक बारीक टोकं उगवतात. तो कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत तो माणसाला झोपवतो आणि उठवायला विसरतो. ज्वाळाबाईची सगळी नोकरी त्या कंगव्याच्या दातांवर नजर ठेवण्याची.

पण यात एक गोम होती. ज्योत आणि यंत्र यांच्यामध्ये हातभर उघडी हवा. आणि वायूंचा स्वभाव असा, की जो तापल्यावर ज्या जागी उजेड फेकतो, तो थंड असताना त्याच जागचा उजेड गिळतो. खोलीतल्या साध्या हवेतला डायऑक्साइडच ज्योतीच्या शिखराचा मधला लचका तोडायचा, म्हणून ते शिखर कायम दोन शिंगांचं दिसायचं. त्यात माणूस तिथे उभा राहून बोलायला लागला तर बघायलाच नको. श्वासात वाफ, श्वासात डायऑक्साइड, वर त्या वाफेने मिठाची खिडकी विरघळायची भीती. म्हणून दारावर पाटी होती: तोंडची वाफ दवडू नये.

येणाऱ्यांना वाटायचं, बाई उद्धट आहे. एक बडे पाहुणे तर पाटी वाचून दारातूनच परत गेले आणि वर तक्रार केली की आम्हाला गप्प बसा म्हणून सांगण्यात आलं. ज्वाळाबाईने उत्तर पाठवलं, पाटीवर आहे तेवढंच आम्हाला म्हणायचं आहे, शब्दशः. झालं, तेही त्यांना टोमणाच वाटला.

इथपर्यंत तुम्ही माना डोलावताय. आता डोलावणं थांबेल.

ज्वाळाबाईने काय केलं, तर यंत्राला सांगितलं, बाकीची डोंगररांग सोड, डायऑक्साइडचं ते एक शिखर धर आणि त्याची उंची क्षणाक्षणाला मला रेघेत दाखव. ज्योत स्थिर आहे की नाही हे पडताळायला. रेघ सरळ चालायची. आणि खोलीतले फिटरकाका, म्हणजे गॅसच्या नळ्या जोडणारे, काही बोलले की तिच्यात खड्डा पडायचा. बाईच्या लक्षात आलं, सगळे खड्डे सारखे नाहीत. काका 'पळ' म्हणाले तर रेघ जेमतेम शहारायची. 'फळ' म्हणाले की भसकन खड्डा.

तुम्ही आत्ता करून बघा. तळहात तोंडासमोर धरा. म्हणा 'दार'. काही लागतं? आता म्हणा 'धार'. आलं ना वारं हातावर? शाळेत शिकवतात ते महाप्राण म्हणजे हेच. ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ, आणि शेपटीला श, ष, स, ह. ही अक्षरं म्हणताना छातीतून वाफ सुटते. बाकीची अक्षरं काटकसरी. हे व्याकरणाच्या पुस्तकात शेकडो वर्षं पडून होतं. ज्योतीसमोर धरून बघायची बुद्धी कुणाला झाली नव्हती.

एक हिवाळा गेला आणि ज्वाळाबाई ती रेघ वाचायला लागली. आपण पेपर वाचतो तशी. एकदा फिटरकाका फोनवर बायकोशी बोलले, ज्योतीजवळ उभं राहून. बाई जेवून परत आली, रेघेवरून नजर फिरवली आणि म्हणाली, "काका, माफी मागून टाका. चूक तुमचीच आहे."

काका हबकले. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. आणि 'भांडखोर' हा शब्द पुन्हा माझ्या ज्योतीसमोर वापरू नका. शिखर पार झोपलंय."

तेव्हापासून त्या खोलीत महाप्राण बंद झाले. बोलायचंच असेल तर अल्पप्राणात बोला. 'भूक लागली' नाही, 'पोट रिकामं'. 'झालं' नाही, 'उरकलं'. 'साहेब' नाही, 'मालक'. कुणाला खुर्ची द्यायची तर काका अदबीने म्हणायचे, "बूड टेका." त्यावरूनही एक तक्रार वर गेली, पण ती सोडा.

या सगळ्या शिस्तीचा एकदाच बोऱ्या वाजला, आणि तो वाजवला ज्वाळाबाईच्या सासूबाईंनी. ज्वाळाबाईचा नवरा जहाजावर. वर्षातले बरेचसे महिने समुद्रात. घरी या दोघीच. प्रयोगशाळेच्या मागे कर्मचाऱ्यांच्या चाळीवजा इमारती, त्यात यांचं पहिल्या मजल्यावरचं घर. सासूबाई बोलक्या. बोलक्या म्हणजे काय, झोपेतसुद्धा स्वतःच्या वाक्याची वाट अडवायच्या नाहीत. एकदा सून डबा विसरली म्हणून घेऊन आल्या, पाटी वाचली, आणि पाटीबद्दलच बोलायला लागल्या.

"अगं, वाफ दवडू नये म्हणजे काय, मग माणसाला तोंड दिलंय कशाला, आणि ही ज्योत एवढीशी का, हिच्यावर दूधसुद्धा तापायचं नाही, खाऊन घे आधी, थंड झालं की घशाखाली उतरणार नाही, फोडणी जास्त झालीय ती शेजारणीमुळे, भसाभसा बोलत बसली..."

यंत्रावरचं शिखर खचत गेलं, खचत गेलं आणि रेघ जमिनीला टेकली. पडद्यावर अक्षरं उमटली: ज्योत विझली आहे. आणि ज्योत तर समोर फुरफुरत होती. फिटरकाका म्हणाले, यंत्राला चक्कर आली. ज्वाळाबाई सासूबाईंना दंडाला धरून कॉरिडॉरपर्यंत घेऊन गेली. "आई, तुमच्या पाया पडते, इथे नका बोलू."

"बरं बाई. मी आता बोलतच नाही," असं म्हणून त्या घरी पोचेपर्यंत त्याच विषयावर बोलत राहिल्या.

आता दिराची गोष्ट. ज्वाळाबाईचा धाकटा दीर हीटरच्या कारखान्यात इंजिनिअर. गावाबाहेर कारखाना, तिथेच राहायचा. गोड माणूस, तोंडात साखर, खिशात आईसाठी कायम काहीतरी. पण त्याच्या कारखान्याचा नवा हीटर तपासायला आला तेव्हा त्याच्या बर्नरने असे काही कंगव्याचे दात काढून दाखवले, की ज्वाळाबाईने एका शब्दात परत पाठवला. दीर आहे, घरचा आहे, हे तिच्या भुवईपर्यंतसुद्धा पोचलं नाही. तो म्हणाला, "वहिनी, सुधारून आणतो." ती म्हणाली, "आणा."

मग थंडी पडली आणि एके दिवशी ती कामावरून घरी येते तो सासूबाईंच्या खोलीत हीटर. भिंतीला बसवलेला, नवाकोरा. दीर हात पुसत उभा.

"भावजी, हा कुठला?"

"आपलाच. आईला थंडी सोसत नाही, तुम्हाला माहितीय. सुधारलेला तुमच्याकडे येणारच आहे, म्हटलं आईला आधी ऊब मिळू दे."

सासूबाई हीटरपुढे हात शेकत, "बघ, माझा लेक," असं म्हणत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा तिने एक ज्योत न तपासता जळू दिली.

त्यानंतर घर शांत होत गेलं. सासूबाई कमी बोलायला लागल्या. सकाळी उठल्या की डोकं जड म्हणायच्या, दुपारी खुर्चीत पेंगायच्या, वाक्य सुरू करायच्या आणि मध्येच सोडून द्यायच्या. गाल मात्र गुलाबी. शेजारीण म्हणाली, तब्येत सुधारली हो तुमच्या आईंची. दीर फोनवर म्हणाला, "वय झालं, वहिनी. आणि खरं सांगा, कानाला बरं वाटतंय ना?" आणि वाईट म्हणजे, ज्वाळाबाईला खरंच बरं वाटत होतं. संध्याकाळी चहा घेताना पहिल्यांदाच तिला स्वतःचा विचार शेवटपर्यंत ऐकू यायचा.

आणि मग दीर सुधारलेला बर्नर घेऊन प्रयोगशाळेत आला. इस्त्रीचा शर्ट, हातात खोकं, चेहरा असा की निकाल आधीच लागलाय.

"वहिनी, आज तरी हसायचं हं."

तिने पाटीकडे बोट दाखवलं. फिटरकाकांनी बर्नर जोडला, दिराला म्हणाले, "बूड टेका," आणि गॅसची गळती बघायला बाहेर सिलिंडरांच्या पिंजऱ्याकडे गेले. बाईने ज्योत पेटवली. यंत्र गार ठेवायला त्याच्या पोटात द्रव नायट्रोजन ओतला, त्याची पांढरी वाफ टेबलावरून खाली ओघळली. डोंगररांग उमटली. पाण्याचं शिखर जागेवर, डायऑक्साइडची दोन शिंगं जागेवर, आणि शेजारी, जिथे कंगव्याचे दात असायचे, तिथे सपाट मैदान. एक दातसुद्धा नाही. तिने गॅस कमी केला, वाढवला, हवेची झडप अर्धी मिटली. मैदान ते मैदान.

इतकी स्वच्छ ज्योत तिने बऱ्याच दिवसांत बघितली नव्हती. तिच्या मनावरचं एक ओझं, जे तिथे आहे हेच तिला माहीत नव्हतं, ते उतरलं. आईंच्या खोलीत हाच आहे. म्हणजे सगळं ठीक आहे.

"छान आहे," ती म्हणाली. दोन महाप्राण वाया घालवले, आनंदात. "शेवटची एक पडताळणी, मग सही. खालून सिलिंडर आणते. भावजी, ज्योतीजवळ बोलू नका."

"मी कशाला बोलतोय."

जाताना सवयीने तिने यंत्राला शिखराच्या उंचीची रेघ धरायला लावली. खाली गोदामात सिलिंडर शोधायला वेळ लागला, तो ढकलगाडीवर घालून ती वर आली, तेव्हा दीर मोबाइल खिशात ठेवत होता आणि ज्योतीच्या इतक्या जवळ उभा होता की त्याच्या शर्टाच्या बटणांत ती दिसत होती. तिच्या पाठोपाठ फिटरकाका पाना घेऊन आत आले. चेहरा पडलेला, पण त्यांचा चेहरा तसा जन्मापासून पडलेलाच.

बाईने पडद्याकडे बघितलं. रेघेत खड्डे होते.

बोललाच शेवटी, असं मनात म्हणत ती वाचायला लागली. आधी दोन खड्डे लागोपाठ: 'साहेब'. मग एक रुंद: 'झालं'. मग थोडं सपाट, म्हणजे पलीकडचा बोलत असणार. मग एक खोल आणि त्याला चिकटून दुसरा: 'खूश'. पुन्हा सपाट. आणि त्यानंतर जे आलं ते वाचलं, आणि ज्वाळाबाईच्या पायांखालची फरशी सरकली.

'मी बर्नर बदलला.'

तिने पुन्हा वाचलं. म्हणजे खोक्यातून आलेला हा बर्नर त्यांच्या कारखान्याचा नाहीच. कुणा दुसऱ्याचा, चांगल्या हाताचा, फक्त दाखवायला आणलेला. आणि कारखान्यात जे बनतंय ते तेच, दातांचं. आणि भिंतीवर बसवून दिलंय ते...

"भावजी," ती म्हणाली. आवाज तोच, बर्फाचा. "आईंच्या खोलीत कुठला बर्नर आहे?"

"म्हणजे? आपलाच."

"आपला म्हणजे हा, की मी परत पाठवला तो?"

दीर हसला. ते हसू अर्ध्यात अडकलं. "वहिनी, तुम्ही ना, कुठलं काय काढता. सही करून टाका, मग घरी जाऊन निवांत..."

"कुठला?"

"अहो, पहिल्या खेपेतला असेल. एवढासा फरक असतो तो. कागदावरचा फरक. माणसाला काय..."

आणि इथे तो थांबला, कारण आपण काय बोलतोय ते त्याच्याच कानांवर पडलं. मघापर्यंत तो त्या वायूला कारखान्याची कटकट समजत होता, मालकाची बोलणी, परत आलेला माल. त्या वायूने एखाद्या खोलीत शिरून एखाद्या खुर्चीभोवती फेर धरावा, आणि त्या खुर्चीत त्याची आई असावी, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. इंजिनिअर माणूस, पण आलं नव्हतं. तो मटकन खाली बसला. कुणी 'बूड टेका' म्हणायची वाट न बघता.

ज्वाळाबाईने घरी फोन लावला. घंटी वाजत राहिली. सासूबाई फोन पहिल्या घंटीला उचलत. दुसरी घंटी त्यांना अपमान वाटायचा. ती वाजत राहिली आणि आपोआप बंद झाली.

मग ज्वाळाबाई पळाली. जिने तिला कधी भरभर चालताना पाहिलं नव्हतं त्या प्रयोगशाळेने तिला कॉरिडॉरमधून पळताना पाहिलं, आणि लोक कपाटांना चिकटून उभे राहिले. मागे दीर, त्याच्या मागे पाना हातात तसाच घेऊन फिटरकाका. मागचं फाटक, सायकलींची रांग, जिना. दार नुसतं ओढलेलं. आतल्या खोलीचं दार थंडी येऊ नये म्हणून बंद, आणि दाराखालच्या फटीत गुंडाळून ठेवलेला टॉवेल. तो टॉवेल ज्वाळाबाईनेच ठेवला होता, सकाळी, मायेने.

आत ऊब होती. फार छान ऊब होती, हेच भयंकर होतं. भिंतीवर हीटरची ज्योत निळी-पिवळी, शांत, शहाण्या मुलासारखी. वास नाही, धूर नाही, काही नाही. खुर्चीत सासूबाई, मान एका बाजूला, मांडीवर विणकामाची सुई, आणि गाल गुलाबी. अशा गुलाबी, की कुणी म्हणालं असतं, काय सुरेख झोप लागलीय.

काकांनी पाना फिरवून गॅस तोडला. बाईने खिडक्या उघडल्या. एक उघडेना, तिची काच तिने कोपराने फोडली. दिराने आईला खुर्चीसकट उचललं आणि गॅलरीत नेलं. तो "आई, आई" म्हणत होता, आणि त्याच्या गोड तोंडातून दुसरा शब्दच येत नव्हता. शेजारणीने अँब्युलन्सला फोन केला. ज्वाळाबाई सासूबाईंच्या नाकापाशी तळहात धरून बसली. ज्या बाईला खोलीतला एक 'फ' सहन होत नसे, ती आता हातावर वाफेचा एक कण लागावा म्हणून सगळा जीव तळहातात गोळा करून बसली होती.

लागला. नसल्यासारखा, पण लागला. आत, बाहेर. पुन्हा आत.

अँब्युलन्समधून माणसं आली, त्यांनी तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढवला. गॅलरीत, जिन्यात, इमारतीखाली माणसं जमली. मास्कच्या आतून प्लॅस्टिकवर धुकं धरलं, विरलं, पुन्हा धरलं. डोळे किलकिले झाले. सासूबाईंनी हात वर करून मास्क बाजूला सारला. सगळे पुढे वाकले.

"खिडकी कुणी फोडली?"

दीर रडायला लागला. लहान मुलासारखा, शर्टाच्या बाहीने नाक पुसत.

"हा का रडतोय? आणि तू कामावरून लवकर कशी आलीस? काच कोण भरून देणार आता, थंडी बघ किती येतेय, आणि ही एवढी माणसं..."

डॉक्टर म्हणाले, "आजी, बोलू नका."

"बोलू दे त्यांना," ज्वाळाबाई म्हणाली. तिने चेहरा सासूबाईंच्या अगदी तोंडापाशी नेला होता. "बोला आई. वाफ दवडा. हवी तेवढी दवडा."

आणि आजींनी दवडली. खोटं वाटेल, हॉस्पिटलच्या वाटेवर अँब्युलन्सच्या काचा आतून इतक्या धुरकटल्या, की ड्रायव्हरला आतून पुसायला एक माणूस द्यावा लागला.

त्या वाचल्या. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा वेळ त्या खोलीत राहिल्या असत्या तर आम्हाला बोलवायची गरज नव्हती. हॉस्पिटलच्या बाकावर दीर डोकं धरून बसला होता. त्याने तिथूनच कारखान्यात फोन केला, मालकाला सगळं सांगितलं, विकले गेलेले हीटर परत मागवायला लावले आणि नोकरीही त्याच फोनवर सोडली. ज्वाळाबाई शेजारी बसली. कोपरावर तिला पट्टी बांधली होती.

"वहिनी," तो म्हणाला, "मी एवढं हळू बोललो होतो. खोलीत कुणी नव्हतं. तुम्हाला कळलं कसं?"

आणि आता, मंडळी, नीट ऐका. ज्वाळाबाईने पर्समधून ती रेघ काढली. यंत्र ती कागदावरही काढायचं, पळताना तो कागद फाडून घेतला होता. तिने तो मांडीवर सरळ केला आणि बोट ठेवलं. "हे बघा, भावजी. तुमचं वाक्य. हा 'मी', साधासा खड्डा. हा 'बर्नर', यातला 'ब' बघा, विहिरीएवढा. आणि हा 'बदलला'. पुन्हा 'ब', ही दरी. 'द' त्याहून खोल. आणि शेवटचा 'ला' तर असा सुटला तुमच्या तोंडातून, की रेघ कागदाच्या खालच्या कडेपर्यंत..."

"थांबा," इथे माझी गोष्ट ऐकत बसलेल्यांतल्या, कोपऱ्यातल्या बाई मला म्हणाल्या. शाळेत व्याकरण शिकवतात त्या. तळहात तोंडासमोर धरून त्या केव्हापासून काहीतरी पुटपुटत होत्या. "मी बर्नर बदलला. म, ब, र, न, द, ल. आजोबा, या अख्ख्या वाक्यात महाप्राण एकही नाही. रेघेत खड्डा पडेलच कसा? हे यंत्राने वाचलेलं नाही. हे कुणीतरी दाराला कान लावून ऐकलंय. हातात पाना घेऊन."